दोन वर्षांपूर्वीचा कॉम्प्युटर

प्रिंटर मराठी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन छापू लागला, तेव्हा बायको एवढंच म्हणाली, "लेकीला फोन करा."

पण तीस वर्षं नकाशे काढून निवृत्त झालेल्या माणसाने लेकीला विचारायचं? स्वतःच्या हुशारीबद्दल त्याचं मत फार चांगलं होतं. दुसऱ्या कोणी मत दिलेलं नसल्यामुळे तेच ग्राह्य होतं.

बायको घरी शिवणकाम करायची. एका गायकवृंदाची बत्तीस जाकिटं महिनाअखेर द्यायची होती, आणि सगळ्यांची मापं कॉम्प्युटरमध्ये होती. मापं छापून मिळाली की ती कापड कापायला घेणार होती.

"मी बँकेतलं काम उरकून बटणं घेऊन येते. तोवर कशाला हात लावू नका."

"छे!" तो म्हणाला. माउस हातातच होता.

कॉम्प्युटरला मागच्या तारखेवर परत न्यायची सोय असते, हे त्याने कुठेतरी वाचलं होतं. त्याने परवाची तारीख निवडली. पाऊण तास पडद्यावर नुसतं चक्र फिरलं आणि मग संदेश आला : 'पूर्ववत करता आलं नाही. कारण अज्ञात.' अज्ञात कारण समोर खुर्चीत बसून चष्मा पुसत होतं.

एवढ्यावर थांबला असता तर निभावलं असतं. पण त्याला कपाटातली डिस्क आठवली. दोन वर्षांपूर्वी लेकीने तिच्यावर अख्ख्या कॉम्प्युटरची नक्कल करून ठेवली होती. त्याने ती जोडली. कॉम्प्युटरने विचारलं, 'आत्ताचं सगळं पुसून जुनी नक्कल येईल. चालेल?' 'सगळं' म्हणजे सगळा बिघाड, असा अर्थ लावून त्याने 'हो' दाबलं.

तासाभराने कॉम्प्युटर सुरू झाला. प्रिंटरमधून मोत्यासारखी अक्षरं उमटली. फक्त गायकवृंदाची मापं कुठे दिसेनात. दिसणार कशी? तो गायकवृंद अजून त्या कॉम्प्युटरच्या आयुष्यात आलाच नव्हता.

आता मात्र त्याने लेकीला फोन लावला.

"बाबा, तुम्ही 'हो' दाबलंत?"

"त्यानं विचारलं म्हणून."

"आधी फाइली दुसरीकडे काढून ठेवल्या होत्या ना?"

"कुठे?"

"आई कुठंय?"

"बँकेत गेली होती. आता बटणांच्या दुकानात असेल."

"दुकान लांब आहे का?"

"कोपऱ्यावरच आहे."

"मग बाबा, तुम्ही लांब जा."

तेवढ्यात दार वाजलं. त्याने बायकोला खरं काय ते सांगून टाकलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती सरळ खुर्चीत बसली आणि मापं शोधू लागली. शोधता शोधता तिचा हात थांबला.

"अगंबाई! आईचा आवाज!"

तिच्या दिवंगत आईने शिवणाच्या खुब्या सांगितल्या होत्या, त्याची अकरा रेकॉर्डिंगं. दीड वर्षापूर्वी ती रेकॉर्डिंगं कॉम्प्युटरमधून नाहीशी झाली, तेव्हा बायको दोन दिवस नीट जेवली नव्हती. तिने एक लावलं. "अगं, बाही लावताना कापड ओढू नकोस, त्याला त्याच्या कलानं येऊ दे..." तिचे डोळे भरून आले.

"बघ," तो हळूच म्हणाला, "कधी कधी जे होतं ते बऱ्यासाठीच."

तिने पदराने डोळे पुसले आणि त्याच्याकडे वळली.

"अहो, हे व्हायरसनं खाल्लं होतं ना? तुम्हीच म्हणाला होतात."

कॉम्प्युटरवर जागा मोकळी करताना ते कोणाच्या हातून उडालं होतं, हे घरात एकालाच ठाऊक होतं. तो प्रिंटरकडे बघू लागला.

"मग आता व्हायरसनं ते परत ओकलं?"

तिने मापाची टेप काढून त्याच्या गळ्यात घातली आणि हातात वही दिली.

"बत्तीस जण आहेत. छाती, कंबर, खांदा. आज निदान दहा तरी उरकून या. आणि कोण आलंय म्हणून विचारलं, तर व्हायरस आलाय म्हणून सांगा."

व्हायरसने मुकाट्याने चपला घातल्या.