रमाकाकूंच्या पानाचा पत्ता

वेबसाइटचं भाषांतर म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ! असं मी मंडळाच्या भर बैठकीत सांगून टाकलं आणि वर चकलीचा तुकडा मोडला.

आमच्या दिल्लीजवळच्या इंदिरापुरमच्या मराठी मंडळाची साइट मीच बनवलेली. नोएडाच्या कंपनीत मी हेच काम करतो, त्यामुळे मंडळात माझा भाव भलताच वधारलेला. अडचण एवढीच, की इथल्या टॉवरांमध्ये वाढलेल्या आमच्या पोरांना मराठी ऐकून समजतं, पण वाचायला दिलं की तोंडं वाकडी होतात. माझाच मुलगा म्हणाला, "बाबा, आंबाडी मतलब क्या? हिंदी में लिखो ना यार!"

"राजीव, सगळी साइट हिंदी-इंग्रजीत करायला किती वेळ लागेल?" आमचे अध्यक्ष भालचंद्रकाका म्हणाले.

"चहा संपेपर्यंत, काका!"

आणि खरंच केली हो! भाषांतराचं यंत्र आपोआप सगळं करत होतं. मध्येच त्याने विचारलं, पानांचे पत्तेही भाषांतरित करू का? म्हटलं, कर की! कंजुषी कशाला?

आता तुम्हाला रमाकाकूंबद्दल सांगायला हवं. त्या आणि त्यांचे यजमान गुलाबराव दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहतात, मूळचे अकोल्याचे. साइटवर काकूंचं एक पान होतं, 'रमाबाईंच्या हातचं'. दर आठवड्याला काकू फोनवर एक पदार्थ सांगायच्या आणि माझी बायको वृंदा तो टाइप करायची. अख्खं मंडळ ते पान वाचायचं, पण काकू सांगायच्या एकाच वाचकासाठी.

तो वाचक म्हणजे त्यांची मुलगी लुंबिनी. ती नोकरीला जर्मनीत गेली आणि घरी न सांगता तिथेच लग्न करून मोकळी झाली. गुलाबराव रागाच्या भरात म्हणाले, "यापुढे या घरात फोन करायचा नाही!" पोरीने आयुष्यात बापाचं ऐकलं ते एवढंच! काकूंनी लावला, तर 'मीटिंगमध्ये आहे' म्हणून ठेवून द्यायची. पण दर रविवारी पानाखाली प्रतिक्रिया यायची: 'आंबाडी इथे मिळत नाही. पालक चालेल का? - एक वाचक, जर्मनी.'

मग पुढच्या पदार्थात काकू सांगायच्या, "पालक चालेल, पण लिंबू पिळायचं. आणि थंडीत कान झाकून बाहेर पडायचं." पातोडीच्या भाजीत कान कुठून आले, असं वृंदाने कधी विचारलं नाही. ती जसंच्या तसं टाइप करायची.

रविवारी सकाळी भालचंद्रकाकांचा फोन आला.

"अरे राजीव, गणपतीच्या पत्रिकेवर आपल्या पानाचा पत्ता छापलाय, तिथे 'हे पान सापडले नाही' येतंय!"

"हिंदीत बघा ना, काका."

"हिंदीत 'पृष्ठ नहीं मिला'! इंग्रजीतही तेच!"

तेवढी एक ओळ मात्र यंत्राने तिन्ही भाषांत बिनचूक केली होती!

झालं असं, की यंत्राने मराठी पत्ते आधी इंग्रजीत नेले आणि तिथून पुन्हा मराठीत आणले. 'रमाबाईंच्या हातचं' या पानाचा पत्ता आता 'रमाबाई यांचा हात' झाला होता. पाठोपाठ काकूंचाही फोन आला. मी नवा पत्ता सांगितला. पान उघडलं, पदार्थ सगळे जागेवर होते, पण खाली लिहिलेलं होतं, 'अद्याप एकही प्रतिक्रिया नाही.'

कारण प्रतिक्रिया पानाच्या पत्त्याशी बांधलेल्या असतात. घर बदललं तरी टपाल जुन्याच दारात पडत राहतं, तसं!

"तिचं सगळं पुसलं का रे?" काकूंनी विचारलं. मला खरंच खूप वाईट वाटलं.

मग मी दुरुस्तीला भिडलो. जुन्या पत्त्यावर आलेल्याला नव्या पत्त्यावर पाठवलं, तर नवा त्याला जुन्याकडे परत धाडायला लागला! पान नुसतं गरगरत बसलं. ते सोडवलं, तर साइटवरचे सगळेच पत्ते काकूंच्या स्वयंपाकघरात येऊन धडकायला लागले!

"राजीव, 'अध्यक्षांचे मनोगत' उघडलं की वांग्याचं भरीत येतंय!" काका कडाडले.

"राहू दे तसंच," वृंदा आतून म्हणाली. "पहिल्यांदाच लोक मनोगत शेवटपर्यंत वाचतायत!"

आठवडाभर ऑफिसचं काम बाजूला ठेवून झटलो, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. जुना पत्ता तसाच ठेवायचा, आणि हिंदी-इंग्रजी पानांसाठी त्याच्या आधी नुसती भाषेची खूण लावायची! पुढच्या रविवारी सगळ्या प्रतिक्रिया परत आल्या. पेढे घेऊन मी थेट सरोजिनी नगर गाठलं.

"जयभीम, या," गुलाबरावांनी दार उघडलं. काकू फोनजवळ बसलेल्या. मी ऐटीत पान उघडून दाखवलं. सगळ्यात खाली आजची ताजी प्रतिक्रिया होती: 'पान परत दिसलं. हुश्श! मीठ किती घालायचं? - एक वाचक, जर्मनी.'

"बघा काकू! आली की नाही परत?"

काकूंनी ते वाचलं आणि फोनकडे बघितलं.

"मागच्या रविवारी पान दिसेना, तर घाबरून तिने फोन केला," त्या म्हणाल्या. "म्हणाली, आई, बरी आहेस ना? बाबा बरे आहेत ना? यांनीच उचलला होता. तासभर बोलली रे. यांच्याशीसुद्धा! दोघंही रडले."

गुलाबराव खिडकीबाहेर बघत उभे राहिले.

"मग आज तुम्हीच लावा ना फोन!"

"लावला. म्हणाली, मीटिंगमध्ये आहे." काकूंचा आवाज बारीक झाला. "रविवारी!"

पेढ्यांचा पुडा माझ्या हातातच राहिला. काकूंनी पदराने डोळे टिपले आणि माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "राजीव, ते पान पुन्हा बिघडवता येईल का रे?"

"आणि हे बघा," गुलाबराव खिडकीतून मान न वळवता म्हणाले, "या वेळी दुरुस्तीची घाई करू नका!"