वाघमारेकाका आणि श्रेयनामावली

वाघमारेकाकांचा सिनेमा सिनेमा संपल्यावर सुरू होतो. गोष्ट आटोपली, लोक एकमेकांचे पाय तुडवत दाराकडं निघाले, की काका खुर्चीत सावरून बसतात, चष्मा पुसतात आणि पडद्यावर खालून वर सरकणारी नावं वाचायला घेतात. दिवे लावणारे, कपडे शिवणारे, जेवण पुरवणारे, कुणालाही वगळत नाहीत. एकदा मी शेजारी होतो. झाडणारी बाई आमच्या पायाशी येऊन खोळंबली, तेव्हा काका तिला म्हणाले, "बाई, जरा थांबा. अजून सुतार यायचेत."

काका माझ्या समोरच्या दाराला राहतात. आमची सोसायटी येरवड्यात. पत्ता सांगितला की पुणेकर माणूस "आत की बाहेर?" एवढंच विचारतो, त्याची आता सवय झाली आहे. काका पाटबंधारे खात्यात आरेखक होते. सगळी नोकरी धरणांचे नकाशे काढण्यात गेली, त्यामुळं मजकुराच्या आधी त्यांची नजर अक्षरावर जाते. लग्नपत्रिका हातात आली की मुहूर्त राहिला बाजूला, "अक्षर फुटलंय" म्हणून ती परत पाकिटात. मी एकदा सोसायटीच्या फळ्यावर पाणी येणार असल्याची सूचना लिहिली. काकांनी ती पुसली आणि पुन्हा लिहिली. पाणी काही आलं नाही, पण सूचना देखणी होती.

काकू गेल्यापासून काका एकटेच. मुलगी प्रज्ञा. इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षी सोडून ती अॅनिमेशन शिकायला गेली. ते काकांना इतकं झोंबलं की दोन वर्षं बापलेकीत बोलणं नव्हतं. पुढं ती अमेरिकेत एका स्टुडिओत लागली आणि एका मोठ्या चित्रपटाच्या श्रेयनामावलीत तिचं नाव आलं. चित्रपट पुण्यात लागला तेव्हा काका नवा शर्ट घालून गेले. नावं सुरू होताच थिएटरवाल्यानं पडदा बंद केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, पुन्हा तेच. मग साधी डीव्हीडी आणून घरच्या टीव्हीवर लावली, तर शेकडो नावांचा नुसता भुगा दिसला.

आणि आता सहा वर्षांनी प्रज्ञा चार दिवसांसाठी येणार होती. येताना त्याच चित्रपटाची हाय डेफिनिशन डिस्क आणणार होती. काकांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसरा त्याच वाटेवर. त्यांना एवढंच हवं होतं की लेकीचं नाव आपल्या हॉलमध्ये, मोठ्या पडद्यावर, स्थिर थांबवून, तिच्या शेजारी बसून वाचावं. लेकीचा निर्णय न पटलेल्या बापानं माफी मागायची ही त्यांची पद्धत होती. हे त्यांनी मला एकदा जिन्यात, माझ्याकडं न बघता सांगितलं होतं. मला सगळं ठाऊक होतं, म्हणून पुढचं सांगताना जास्त लाज वाटते.

मोठा टीव्ही आणि डिस्कचा प्लेअर, या खरेदीला सुरुवात झाली ती नारायण पेठेतून. काका दुकानात शिरत आणि म्हणत, "शेवट लावा." नावं आली की "थांबवा." मग टीव्हीला नाक टेकेल इतक्या जवळ जाऊन आलेखाच्या वहीत शेरा लिहीत आणि त्याखाली दुकानदाराची सही घेत. 'चित्र थांबवल्यावर अक्षर फुटत नाही, हे मी पाहिले आहे.' तिसऱ्या खेपेला दुकानदार म्हणाला, "अहो, जरा बाजूला व्हा, गिऱ्हाइकं यायचीत."

"मग मी कोण?"

"आपण परीक्षक."

त्या काळात अशा डिस्कचे दोन प्रकार होते आणि त्यांच्यातली मारामारी नुकतीच मिटली होती. ब्ल्यू-रे जिंकली, हे मी सांगितल्यावर काकांचा चेहरा उजळला. "निळी ना? मग जिंकणारच. आमचाच रंग." दुसऱ्या प्रकाराकडं त्यांनी नंतर ढुंकूनही पाहिलं नाही. हॉलमधल्या बुद्धमूर्तीच्या बाजूची भिंत रिकामी करून तिथं टीव्ही टांगायचं ठरलं. स्पीकर पाच आणायचे की दोन, यावर एक आख्खा रविवार गेला. नावांच्या यादीला आवाज कशाला लागतो, असं मी विचारलं, तर म्हणाले, "कुणी तिचं नाव वाचताना मागं काहीतरी वाजायला नको?"

हे वाक्य मी दुसऱ्या दिवशी हिंजवडीत ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये काकांच्या आवाजात म्हणून दाखवलं. "शेवट लावा", "अक्षर फुटतंय", सगळी नक्कल माझ्याकडं तयार होती. मित्र पोट धरून हसायचे, फर्माइशी व्हायच्या. आज आठवलं की कानशिलं तापतात.

एका संध्याकाळी मी कंपनीच्या बसमध्ये ट्रॅफिकला वैतागून बसलो होतो, तेव्हा काकांचा फोन आला. "निखिल, प्लेअरचं मॉडेल नक्की केलं. एकच शंका. तिकडची डिस्क इकडच्या प्लेअरवर चालते ना? तेवढं बघून सांग."

मी म्हणालो, "काका, डिस्क ती डिस्क. अमेरिकेतही गोलच असते."

बसमधले दोघं हसले. काकाही हसले. "मग लिहितो. निखिल म्हणतो, चालते. तुझी सही नको, तुझं तोंडी पुरे."

माझं काम सॉफ्टवेअर टेस्टिंगचं. दिवसभर दुसऱ्यांनी न तपासलेलं तपासण्याचा मला पगार मिळतो. हे मी तपासलं नाही.

प्रज्ञाताईच्या मुक्कामाच्या शेवटच्या संध्याकाळी काकांनी मजल्यावरच्या सगळ्यांना बोलावलं. खुर्च्या मांडल्या, भेळ झाली, पाच स्पीकरची ओळख करून देण्यात आली. ताईनं डिस्क आत सरकवली. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली, डिस्क या विभागासाठी नाही. तिनं काढून पुसून पुन्हा घातली. तीच ओळ. अक्षर मात्र अजिबात फुटत नव्हतं.

"बाबा, कंपन्यांनी जगाचे विभाग पाडलेत," ताई हळू आवाजात म्हणाली. "तिकडची डिस्क इथल्या प्लेअरवर चालत नाही."

"म्हणजे नारायण पेठेचं सदाशिवात चालत नाही, तसं," वरचे देशपांडे म्हणाले. लोक हसले. मग देशपांड्यांनीच विचारलं, "पण घेताना कुणी सांगितलं नाही का हो?"

मी भेळेच्या बशीत बघत राहिलो. बशी रिकामी होती.

"नाही," काका म्हणाले. "मीच विचारलं नाही कुणाला. घाई केली."

ज्या माणसानं साऱ्या पेठेच्या सह्या गोळा केल्या, तो मी घाई केली म्हणत होता, आणि मी गप्प होतो. सगळ्यांबरोबर उठलो आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई निघाली. बॅगा उतरवायला मी धावलो. टॅक्सीत बसताना ती म्हणाली, "निखिल, थँक्स हं. बाबा दर रविवारी फोनवर तुमचंच सांगायचे. निखिलनं बघितलंय, निखिल म्हणतो चालते." ती हसली. तिला कालच सगळं कळलं होतं, आणि तीही बोलली नव्हती. मी म्हणालो, "छे, त्यात काय."

टॅक्सी वळल्यावर फाटकापाशी माझं तोंड उघडलं. "काका, चूक माझी होती. मी काल बोलायला हवं होतं."

"हवं होतं," काका म्हणाले. थोडं चालल्यावर पुढं म्हणाले, "प्रज्ञानं कॉलेज सोडलं, तेव्हा मी तिला त्याच हॉलमध्ये पाहुण्यांसमोर नाही नाही ते बोललो होतो. तिनं खाली घातलेली मान अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. काल तुझी तशीच दिसली. म्हटलं, या घरात पुन्हा नको."

मी म्हणालो, "पण मग नाव बघायचं राहिलंच."

"नाही, दाखवलं की तिनं. तुम्ही सगळे गेल्यावर तिच्या तिकडच्या लॅपटॉपवर लावलं. बोट ठेवून म्हणाली, हे बघा बाबा." काका कठडा धरून जिना चढू लागले. "मुंगीएवढी अक्षरं. चष्मा काढून पाहिलं, लावून पाहिलं. मला काही दिसलं नाही रे. पण तिला म्हटलं, दिसलं. फार सुबक आलंय."