वामनकाकांचा बल्ब

शेजारचे वामनकाका आमच्या घरी कधी रिकाम्या हातानं आले नाहीत. एका हातात लाकडी पाट, दुसऱ्यात दोन वायरी लोंबणारा बल्ब. लग्न होऊन मी चिखलीत नवी आले तेव्हा पाट बघून मला वाटलं, हे जेवायला आले.

काकांचं बियाण्याचं दुकान. विजेचं शिक्षण काडीचंही नाही. पण गल्लीत नुकतीच वीज आलेली, आणि घरातलं साधं बटण बदलायचं तरी ते मेन स्विच बंद करून आधी आमच्याकडे येत. कोरड्या पाटावर उभे राहून वायरी आमच्या प्लगात घालत. बल्ब पेटला की "हाव, जित्ता हाय," म्हणून घरी जात आणि आपल्या बटणाला लावत. तिथे नाही पेटला, की पुन्हा आमच्याकडे!

"आता काऊन आले, काका?" माझी भाकरी तव्यावर करपत असे.

"तिकडं नाही पेटला, सूनबाई. पण मधातच बल्ब मेला असंन तं? पहिले जित्त्यावर, मंग मेल्यावर, मंग पुन्हा जित्त्यावर. मंगच हात लावाचा."

भिंतीपलीकडून काकू ओरडत, "अवो, तिले भाकरी तं करू द्या!" मग मला सांगत, "मले एकदा झटका बसला, तवापासून यायले येड लागलं."

त्या वेळी काकांनीच तपासून "बंद हाय, पूस बटण" म्हटलं होतं. बटण चालूच होतं. उडाला होता तो बल्ब. काकांची ती चूक काकू केव्हाच विसरल्या. काका नाही. मी मात्र त्यांच्या तोंडावर हसायची.

एका उन्हाळ्यात, भरदुपारी, काकू बसल्या जागी कलंडल्या. डॉक्टर आले, छातीला नळी लावली आणि मान हलवली. बायका रडू लागल्या. काकांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं.

"डॉक्टरसायेब, नळी पहिले माह्या छातीले लावा."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "लावा." मला हसू आलं नाही. देवा, नळीच बिघडलेली निघू दे, एवढंच मनात होतं.

"चालू आहे, काका."

"आता तिच्या."

डॉक्टर बराच वेळ ऐकत राहिले. मग नळी उचलली.

"आता पुन्हा माह्या."

त्यांनी पुन्हा लावली. "चालू आहे."

"हाव," काका म्हणाले. मग खाली बसले आणि त्यांनी काकूंच्या हाताला हात लावला.