सोफ्यावरची भिंत

सोफ्यावरची भिंत रंगवून झाली आणि तिथं आपल्या भावाने काढलेला सूर्यास्ताचा फोटो लावायचं बायकोने परस्पर ठरवूनही टाकलं. कापडवाल्याचं डोकंच फिरलं. (दुकानात त्याचा शब्द अखेरचा, घरात त्याला शब्दच नव्हता.)

"त्याहून झकास फोटो मी काढतो, पाखराचा!" तो बोलून गेला.

"काढा की! रविवारपर्यंत. नाहीतर सोमवारी सूर्यास्त."

आता पक्षी कुठं बसतात हे कोणाला विचारायचं? मेहुण्यालाच! पावसाच्या पाइपाएवढी लेन्स बाळगणाऱ्या या मेहुण्याला सगळं घर लेन्सोबा म्हणायचं. रविवारी उजाडायच्या आत त्याने आपला जुना कॅमेरा हातात देऊन भाऊजींना तळ्याकाठी नेऊन बसवलं.

"भाऊजी, आता शिंकायचंसुद्धा नाही. समोर वाळक्या फांदीवर खंड्या बसलाय. मासा पकडला की दाबायचं."

"किती वेळ बसायचं?"

"त्याची मर्जी."

गिऱ्हाईकाने एवढा वेळ लावला असता तर कापडवाल्याने एव्हाना त्याला चहा पाजून चार ताग्यांच्या घड्या मोडल्या असत्या. त्यात ओल्या गवताने पँट मागून भिजली. बायकोने दिलेली चादर त्याने पिशवीतून काढली. दुसरा कोणी असता तर त्याने ती हलकेच पसरली असती. पण जन्म काउंटरमागे गेलेला! दोन कोपरे चिमटीत आले की मनगट आपोआपच उडायचं.

फट्ट!

तळ्यावरची झाडून सारी पाखरं उडाली.

"भाऊजी!" लेन्सोबा ओरडला. पुढचं तोंडातच राहिलं. नेमका तेव्हाच मासा घेऊन पाण्यातून वर आलेला खंड्या बावरून गरकन वळला आणि थेट लेन्सोबाच्या लेन्सवर येऊन बसला.

लेन्सोबाचा पुतळा झाला. नुसते ओठ हलले. "काढा... फोटो..."

"दाबू?"

"दाबा!"

"कुठलं बटण?"

"वरचं हो, वरचं!"

दाबलं. आणि काय फोटो आला म्हणता! खंड्याची निळाई, चोचीत तडफडणारा मासा, शेपटीवरून निथळणारा थेंब, वर सकाळचं सोनेरी ऊन. लेन्सोबाने कपाळाला हात लावला. "भाऊजी, उभ्या जन्मात असा फोटो मला मिळाला नाही!" घरी बायको म्हणाली, "मोठा करून आणा."

जिंकला गडी! दरवाजाएवढी फ्रेम करून खिळाही त्याने स्वतःच ठोकला. (दुसऱ्या दणक्यात बोटावर, पण विजयात एवढं चालायचंच.)

संध्याकाळी शेजारच्या काकू आल्या. "अगंबाई! पाखरू कसं विश्वासाने बसलंय! तुझा भाऊ म्हणजे अगदी ऋषी हो!"

बायको पदराने काच पुसू लागली. आधी भावाचा चेहरा, मग पाखरू.

कापडवाल्याने कॉलर ताठ केली. "काकू, ओळखा बघू, फोटो काढला कोणी?"

"त्यात ओळखायचं काय?" काकू म्हणाल्या. "कॅमेरा कोणाच्या हातात आहे ते दिसतंय की!"