किनाऱ्यावरचा टेलिफोन

जपानमधल्या ओकिनोसे गावात 'द वेल्व्हेट हेरॉन्स' या बँडच्या कार्यक्रमातून झाडून सगळं गाव उठून गेलं. म्हणजे, तसं काही झालं नाही. गावात कुणालाही विचारा. कार्यक्रम छान झाला, हवाही बरी होती, असंच सांगतील. तेव्हा आपणही तेच धरून चालू आणि मुळापासून सुरुवात करू.

तामोत्सु इसोगाई दिवसा वडिलांच्या दुकानात चटया शिवायचा आणि उरलेला वेळ साठेक वर्षांपूर्वीच्या काळात राहायचा. त्याच्या बँडमधल्या तिघांचे कोट जांभळ्या मखमलीचे, बूट टोकदार, केस भुवयांपर्यंत आणि गिटारचा आवाज विहिरीतून आल्यासारखा. रेकॉर्डिंगही ते जुन्या टेपवरच करत. नव्या यंत्रांत धूळ नीट ऐकू येत नाही, असं तामोत्सुचं म्हणणं. अशा बऱ्याच रेकॉर्डी झाल्या. त्याच्या आत्यानं त्या सगळ्या घेतल्या. तिच्याकडे रेकॉर्ड प्लेअर नव्हता, पण लोणच्याच्या बरण्या होत्या आणि त्यांना झाकणं हवी होती.

यातल्याच 'किनाऱ्यावरचा टेलिफोन' या गाण्याचं शेवटचं कडवं ऑर्गन वाजवणारी फुमिए एकटी गायची. बँडनं आजवर केलेलं खरं चांगलं काम तेवढंच, हे तामोत्सु स्वतः कबूल करायचा. ते एक कडवं लोकांनी ऐकावं, मग कोट भंगारात गेले तरी चालतील.

म्हणून तो सुपरमार्केटच्या मालकांकडे, ओनोदेरासानकडे गेला. गाणं दुकानात लावाल का? ओनोदेरासाननी दातांतून हवा आत ओढली, म्हणजे जमणार नव्हतं. सकाळी अंड्यांच्या सवलतीचं गाणं, दुपारी मासळीचं, संध्याकाळी बटाट्याच्या पॅटिसचं.

"दुकान बंद करायची वेळ तेवढी मोकळी आहे बघ," ते म्हणाले.

तामोत्सु आभार मानताना इतका वाकला की पार दुमडला.

तेव्हापासून गाणं रोज वाजू लागलं. पहिल्या सुरांना गिऱ्हाइकं टोपल्या उचलत, मधल्या कडव्याला गल्ल्यावर रांग लागे, आणि फुमिएचा आवाज येईपर्यंत दुकानात पालकाच्या जुड्या तेवढ्या उरत. फुमिएची आई तिथेच गल्ल्यावर कामाला. पण त्या वेळी ती शटर ओढत असायची, आणि त्या खडखडाटात पोटची पोर काय गाते ते तिलाही कधी ऐकू आलं नाही. पोरं या गाण्यावर लहानाची मोठी झाली. तामोत्सुला वाटायचं, गाव आपल्याला ओळखतं. ते खरंही होतं.

यंदा टोकियोहून हिनात्सु नावाचे गृहस्थ आले. दुर्लक्षित बँडच्या रेकॉर्डी पुन्हा बाजारात आणणं हा त्यांचा धंदा. लोकांना कसं वाटतं ते पाहून ठरवू, म्हणाले.

रविवारी दुपारी गावचं सभागृह भरलं. फुमिएची आई रजा काढून पहिल्या रांगेत बसली. सुरुवातीच्या गाण्यांना नेमून दिल्यासारख्या टाळ्या पडल्या. मग तामोत्सुनं 'टेलिफोन'चे पहिले सूर छेडले आणि गाव उभं राहिलं.

कुणी रागावलं नव्हतं. माणसांनी कोट चढवले, पोरांच्या बुटांचे बंद बांधले, खुर्चीखाली काही राहिलं नाही ना ते पाहिलं. फुमिएची आई लगबगीनं दाराशी पोचली आणि एकेकाला कमरेतून वाकून "पुन्हा या हं" म्हणू लागली. शिपायानं मागचे दिवे मालवले.

"थांबायचं का रे?" तामोत्सुनं ड्रम वाजवणाऱ्या कुरिहाराला विचारलं.

"नको. मध्येच थांबलो तर त्यांना कळायचं नाही, आत यायचं की बाहेर जायचं."

फुमिए अर्ध्या अंधारात गायली. ऐकायला हिनात्सुसान एकटेच. ते टोकियोचे, या गाण्याला उठून निघायचं असतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. कडवं संपल्यावर ते स्टेजवर आले. डोळे पुसत होते.

"इतकं सुंदर कडवं मी कित्येक वर्षांत ऐकलं नाही," ते म्हणाले. तामोत्सु पुन्हा दुमडला. "आणि भरलेलं सभागृह इतकं शिस्तीत रिकामं होताना तर जन्मात पाहिलं नाही."

रेकॉर्ड निघाली. 'दुकान बंद करतानाचं संगीत' या नावानं निघाली आणि तुफान खपली. देशभरातल्या दुकानांनी ती घेतली. आता हेरॉन्स कुठल्याही शहरात गेले तरी सभागृह तुडुंब भरतं आणि 'टेलिफोन' सुरू झाला की रिकामं होतं. एकदा त्यांनी हेच गाणं पहिलं घेऊन पाहिलं. लोक पहिल्याच गाण्याला गेले.

"बाकीच्यांचं जाऊ दे," एकदा परतीच्या गाडीत फुमिए म्हणाली. "आईनं ऐकायला हवं होतं रे, तामोत्सु."

तामोत्सुनं खिशातून कागद आणि पेन काढलं. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा मखमली कोट घालून तो राजधानीतल्या दुकानदार महासंघाच्या कचेरीत गेला आणि दोन्ही हातांनी अर्ज सादर केला: 'विनंती की, आपल्या सोयीच्या कोणत्याही एका संध्याकाळी देशातील एकही दुकान बंद करू नये आणि सदर गाणे पूर्ण होईपर्यंत सर्व संबंधितांनी, विशेषतः गल्ल्यावरील महिला कर्मचाऱ्यांनी, आहे त्या जागी बसून राहावे. होणाऱ्या गैरसोयीबद्दल आगाऊ क्षमस्व.'