ग्रानबाकनचा सर्वोत्तम पंप

ग्रानबाकन गृहसंस्थेच्या कार्यकारी मंडळाच्या निदर्शनास असे आले की, इमारतीचा भू-उष्णता पंप चांगला चालत असला तरी सर्वोत्तम चालत नाही. एक भाग विजेत तो चार भाग ऊब देत होता. रस्त्यापलीकडच्या संस्थेचा पंप साडेचार देत होता.

हा पंप रहाटासारखा असतो. खडकाच्या पोटातली ऊब ओढून तो वर घरात आणतो. जितके कमी उंच ओढायचे, तितके कष्ट कमी. यावरून मंडळाने शास्त्रशुद्ध निष्कर्ष काढला : घरे कमी तापवली, की पंप अधिक कार्यक्षम होतो. एकवीस अंशांचे अठरा केले. आकडा पाचाला टेकला. सभेत केक कापला गेला.

तिसऱ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या इंगेगर्डची छाती नाजूक होती. डॉक्टरांनी तिला उबेत राहायला बजावले होते. ती अध्यक्ष टोरब्यॉर्नकडे गेली. लहानपणी तो तिच्याच स्वयंपाकघरात दालचिनीचे पाव खाऊन वाढला होता.

"टोरब्यॉर्न, खोकून खोकून जीव जातोय रे माझा."

"लोकरी मोजे घाल ना."

"दोन जोड घातलेत. वर बूटही चढवते."

"घरात बूट?" टोरब्यॉर्न हादरला. "इंगेगर्ड, तू?"

"फरशी बर्फासारखी झालीय, मग काय करू?"

"थांब, हा विषय सभेत घेतो."

सभेने विषय गांभीर्याने घेतला. घरात बूट घालण्यास बंदी झाली आणि तापमान पंधरावर आले. इंगेगर्डने ओव्हन पेटवून त्याचे दार उघडे ठेवले. तिला अनधिकृत उष्णतानिर्मितीबद्दल समज देण्यात आली.

"सोसत नसेल तर उन्हाळ्यापर्यंत लेकीकडे जा," टोरब्यॉर्न मायेने म्हणाला. "तुझं घर बंद राहिलं, तर पंपाला केवढा आधार होईल!"

"मग सगळ्यांनाच हाकल की!"

टोरब्यॉर्नने तिचे दोन्ही हात हातात घेतले. त्याचे डोळे भरून आले.

"इंगेगर्ड," तो म्हणाला, "हे मंडळातल्या एकालाही सुचलं नव्हतं गं."

तिने त्याच आठवड्यात बॅग भरली. फेब्रुवारीत इमारत पूर्ण रिकामी झाली. आता गावोगावची शिष्टमंडळे पंप पाहायला येतात आणि हातमोजे न काढता टाळ्या वाजवतात.

आकडा शेवटी कितीवर गेला, हे तुम्हाला विचारायचे असेल. येणारा प्रत्येक जण तेच विचारतो. इंगेगर्डचा खोकला कसा आहे, हे अजून कोणी विचारलेले नाही. तुम्हीही नाही.