एकशे ऐंशी पाहुणे, साठ खुर्च्या

गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं, पण जिना अजून जमत नाही.

दोनशे किलो.

सुईदोरा डाव्या खणात.

साठ खुर्च्या, निळी कव्हरं, मागे बो नको.

एका वायरमनच्या मुलीला पहिल्याच फेरीत प्रवेश मिळाला.

हे सगळं एकाच वहीत, एकाच गोल अक्षरात लिहिलेलं होतं. वही काकूंची. काकू एकोणपन्नास वर्षांच्या, आणि मार्केटिंग-इव्हेंटच्या एका लहानशा कंपनीत इंटर्न. शिकायला तीन महिने. जमलं तर कायम, नाही जमलं तर नमस्कार.

"या वयात शिकाऊ?" नवऱ्याने पहिल्याच दिवशी विचारलं होतं. "शेवटी तुला चहाच करायला लावतील बघ."

चहा कुणी करायला लावला नाही. त्यांच्या मॅडम सव्वीस वर्षांच्या होत्या आणि चहा स्वतःचा स्वतः ओतून घेत. हॉलच्या दारात उभं राहून त्या सांगत, "तिसऱ्या रांगेतला माईक खरखरणार," आणि तो खरखरायचा. आवाज चढवलेला कुणी ऐकला नव्हता. काकूंना त्यांचं फार कौतुक. त्या बोलल्या की काकू वहीत उतरवून घेत, मधूनच घरून फोन आला तर तेही त्याच पानावर.

तर अडीच महिने झाल्यावर मॅडमनी काकूंकडे पहिलं मोठं काम दिलं. घडीच्या शिड्या बनवणारे एक शेठ होते. नवी शिडी बाजारात आणत होते. हार्डवेअरचे दुकानदार, रंगारी, वायरमन अशा मंडळींना बोलवायचं होतं.

"काकू, हॉल साठ जणांचा आहे. येतो म्हणणाऱ्या तिघांतला एकच येतो. तेव्हा एकशे ऐंशींना बोलवायचं. यादी ही. मेसेज टाका, झालं."

काकूंनी लिहून घेतलं. पण मेसेज टाकायला बोट पुढे होईना. मेसेजवर कोण येतं? त्यांनी आयुष्यभर घरच्या लग्नामुंजींना माणसं बोलावली होती, आणि बोलावलेलं माणूस आलं नाही तर तो बोलावणाऱ्याचा दोष, असंच त्या धरून चालल्या होत्या. त्यांनी फोन लावला. मग दुसरा. चार दिवसांत घसा बसला.

कार्यक्रम चारचा होता. साडेतीनला काकू मॅडमच्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

"मॅडम, साठ झाले."

"वा! अजून पाचसहा येतील उशिरा."

"लिफ्टमध्ये बारा आहेत. आणि खाली रांग आहे."

मॅडम वळल्या. "मेसेजमध्ये नेमकं काय लिहिलं होतंत?"

"मेसेज नाही हो. फोन केले."

"सगळ्यांना?"

"दोनदा. एकदा बोलवायला, एकदा आठवणीला."

"आणि?"

"येतो म्हणाले." काकूंच्या लक्षात आता येऊ लागलं होतं. "मॅडम, ते सगळेच येणार."

तेवढ्यात काठी टेकत एक दुकानदार दारात आले. "गुडघ्याचं विचारणाऱ्या ताई कुठायत? आमच्या चिरंजिवांनीसुद्धा विचारलं नव्हतं हो!"

हॉलचा व्यवस्थापक धावत आला. "मॅडम, उभी माणसं चालायची नाहीत. दारातली वाट अडली तर मी कार्यक्रम बंद करीन."

खुर्च्यावाल्याला फोन झाला. आणखी खुर्च्या आणायला दोन तास लागतील म्हणाला. काकूंनी मनातल्या मनात गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. अडीच महिने पाण्यात. आणि आपल्यापायी या पोरीचं नाव खराब.

मॅडमनी डोळे मिटले. पाच आकडे मोजावेत इतकाच वेळ. उघडले तेव्हा त्या भिंतीकडे बघत होत्या. तिथे शेठनी चाळीस शिड्या उतरवून ठेवल्या होत्या, दोन्ही बाजूंना रुंद पायऱ्या असलेल्या.

"शेठ, एक शिडी किती वजन पेलते?"

"दोनशे किलो! खोक्यावर छापलंय."

"म्हणजे तीन माणसं."

शेठनी रुमाल काढला. "छापलंय म्हणजे... कारखान्यात वाळूची पोती ठेवून बघितलं होतं. माणसं नव्हती."

"पोत्यांपेक्षा माणसं बरी. तोल जायला लागला तर निदान ओरडतात." मग काकूंकडे वळून, "एकूण किती?"

"एकशे एकोणऐंशी. एकाच्या सासऱ्यांना दवाखान्यात नेलंय. त्यांचा फोन आला होता."

साठ खुर्च्यांवर, चाळीस त्रिक एकशे वीस शिड्यांवर. मॅडमनी ओळी आखून दिल्या: दरवाज्यासमोर मोकळी वाट, एका बाजूला दोघं, दुसऱ्या बाजूला एक. काठीवाल्यांसाठी एका रंगाऱ्याने आपली खुर्ची सोडली आणि तो सरसर वर गेला.

"खाली बसून मला करमतच नाही हो," तो वरून म्हणाला. "दिवसभर इथेच तर असतो. चहा तेवढा वर द्या."

पाच मिनिटांत हॉलमध्ये माणसांचे ढीग उभे राहिले. वायरमन मंडळी सवयीने छतातले दिवे तपासू लागली. शेवटच्या शिडीवर एक जागा उरली.

"काकू, बसा."

"मी?"

"तिथून सगळा हॉल दिसेल. कोण डगमगतंय ते सांगा."

काकू पदर खोचून चढल्या.

शेठ बारा पानी भाषण घेऊन माईकपाशी आले. आजवर त्यांनी श्रोत्यांकडे वरून पाहिलं होतं. आज मान वर करावी लागत होती. पहिल्या पानावर 'मजबुती' होतं, दुसऱ्यावरही. त्यांनी कागद खिशात घातले.

"कुणी पडलं का?"

"नाही!" वरून आवाज आला.

"हलतंय का काही?"

"नाही!"

"मग माझं भाषण संपलं."

टाळ्या एका हाताने मांडीवर पडल्या, कारण दुसरा हात शिडीला होता. पण पडल्या जोरात. निघताना दुकानदार ज्या शिडीवर बसले होते तीच मागत होते.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी बोलावलं. काकू ओळखपत्र हातात घेऊनच गेल्या.

"मला न सांगता फोन केलेत, ही चूक झाली," मॅडम स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाल्या.

"हो."

"एखादी शिडी बसली असती तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटचा माणूस खाली उतरेपर्यंत मी घाबरलेली होते."

काकूंना हे नवीन होतं. "दिसलं नाही हो काहीच."

"दिसू द्यायचं नसतं. हे लिहून घ्या." मॅडमनी एक यादी पुढे सरकवली. "पुढच्या महिन्यात नळाच्या कंपनीचा कार्यक्रम आहे. साठ माणसं हवीत."

"पुढच्या महिन्यात? माझे तीन महिने तर शुक्रवारी..."

"शुक्रवारनंतरचंच बोलतेय मी."

काकू खुर्चीत बसल्या. वही उघडली. "म्हणजे एकशे ऐंशींना बोलवायचं?"

"नाही. साठांनाच. फोन करा."

नोकरीच्या अर्जात 'कामाचा अनुभव' या रकान्यात काकूंनी 'नाही' असं लिहिलं होतं.